शिल्लक : १८४४६७४४०७३७०९५५१६१५ पोती

८ जुलै २०२५, मंगळवार

सकाळी नऊ चाळीसला मार्केट यार्डातून मामांचा फोन. "अगं, तुझ्या सॉफ्टवेअरला काय झालंय? लोकवनची शिल्लक सांगतो, लिहून घे." मग एकेक अंक सांगायला लागले. दोनदा मध्येच चुकले. तिसऱ्यांदा दिवाणजींनी फोन घेतला आणि पाढे म्हणावेत तसा एका सुरात आकडा सांगितला : १८४४६७४४०७३७०९५५१६१५. वीस अंक.

गाळ्यात एवढी पोती मावणार नाहीत, हे मामांनी मला दोनदा ऐकवलं. विनोद केल्याच्या समाधानात होते.

साठ्याचा हा प्रोग्राम दोन वर्षांपूर्वी मीच लिहून दिला होता, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी नाही. कारण दहा मिनिटांत सापडलं. ट्रक दारात उभा होता, माल उतरायचा होता. ओळखीचं गिऱ्हाईक घाईत होतं म्हणून ट्रकवरूनच एक पोतं त्याच्या टेम्पोत टाकलं आणि दिवाणजींनी जावक लिहिली. आवक अजून लिहिलेली नव्हती. जुनी शिल्लक शून्य. शून्यातून एक गेला.

शिल्लक ठेवायला मी 'फक्त धन पूर्णांक' असा प्रकार निवडला होता. तेव्हा मनात विचार असा की पोती ऋण कशी असतील? शाळेतल्या मुलीसारखा विचार.

दुपारी दुरुस्त करायला गुलटेकडीला पोचले तर स्क्रीनवर ४९. दिवाणजी म्हणाले, "ट्रकची पन्नास पोती चढवली आणि आपोआप बरं झालं." आकडा बरोबर होता. उतरली पन्नास, आधीच गेलं होतं एक.

हे मात्र डोक्यातून जाईना. वीस अंकी चुकीत पन्नास मिळवले आणि उत्तर बरोबर कसं आलं?

९ जुलै, बुधवार

उत्तर तसं सोपं आहे. कॉलेजात शिकलेय, परीक्षेत लिहिलंयही. पण कालपर्यंत ते फक्त परीक्षेतलं होतं.

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आठवायचा. पाच घरं, सगळी शून्यावर. चाक एक किलोमीटर उलटं फिरवलं तर ९९९९९. त्या काट्यापुरतं ९९९९९ म्हणजेच वजा एक, कारण त्यात एक मिळवला की पुन्हा शून्य. पन्नास मिळवले की ४९. संगणकाच्या काट्यात घरं ६४ आणि प्रत्येक घरात फक्त ० किंवा १. शून्याच्या एक पाऊल मागे गेलं की सगळ्या ६४ घरांत १ येतो. त्या चौसष्ट एक्क्यांची दशमानातली किंमत म्हणजे कालचा आकडा. यंत्राने बेरीज-वजाबाकी अगदी चोख केली होती. चूक झाली ती वजा एक लिहून दाखवण्यात, आणि ते कसं दाखवायचं हे मीच सांगितलं होतं.

संध्याकाळी मामांकडे जेवायला. मामेभाऊ चिन्मय नववीत आहे, बुद्धिबळाच्या क्लासला जातो. माझ्या वहीत डोकावून म्हणाला, "ताई, हा तर गव्हाचा आकडा!" क्लासच्या भिंतीवर म्हणे तक्ता आहे : पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्ट घरं. एकूण दाणे तेवढेच.

गव्हाच्या गाळ्यात चूक झाली आणि बुद्धिबळाच्या पटावरचा गहू समोर आला, हा मला आधी निव्वळ योगायोग वाटला. तसा तो नाही. संगणकाच्या घरांची किंमत उजवीकडून १, २, ४, ८ अशीच दुप्पट होत जाते आणि घरं चौसष्टच आहेत. सगळ्या घरांत १ म्हणजे पटावरची सगळी घरं भरलेली. पट भरला की बेरीज २ चा ६४ वा घात वजा १. संगणकाला ती बेरीज 'वजा एक' वाटते, एवढाच फरक. अल-बिरूनी या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी हीच बेरीज शेवटच्या अंकापर्यंत काढून ठेवली आहे.

(तक्रार नोंदवून ठेवते : तोच आकडा तीन ठिकाणी तीन प्रकारे दिसतो. काउंटरवरच्या स्क्रीनवर शेवट ५५१६१५. मामांच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ५५२०००. एक्सेलमध्ये चिकटवला तर ५०००००, कारण एक्सेल पंधरा अंकांपुढे सरळ शून्यं भरतं. काहीही न सांगता. साठा तपासणाऱ्या माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा?)

१२ जुलै, शनिवार

दिवाणजींची मागणी : "आकडा अक्षरी लिहा. चेकवर लिहितात तसा."

नेहमीच्या पद्धतीने स्वल्पविराम दिले : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. मग अक्षरी : एक लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट कोटी कोटी, चव्वेचाळीस लाख सात हजार तीनशे सत्तर कोटी, पंचाण्णव लाख एक्कावन्न हजार सहाशे पंधरा. 'कोटी कोटी' हे दिवाणजींना पटलं नाही. आरतीत चालतं म्हणाले, चेकवर नाही.

म्हणून अप्पा बळवंत चौकातून आणलेली लीलावतीची मराठी प्रत काढली. भास्कराचार्यांनी सुरुवातीलाच स्थानांची नावं दिली आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दसपट : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावं. आपली संख्या वीस अंकी, म्हणजे नावं दोन घरं आधीच संपतात. तरी बसवली :

१८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व नाही, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी नाही, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश, ५.

हे मोठ्याने वाचलं तेव्हा काउंटरपलीकडचा हमाल पोतं पाठीवर घेऊन तसाच थांबला होता. दिवाणजींनी उभं राहून पुन्हा वाचलं. मला आवडलं ते "कोटी नाही". एवढ्या मोठ्या संख्येत कोटीच्या घरात काहीच नाही.

१३ जुलै, रविवार

पाऊस. दिवसभर घरी, लीलावतीसोबत.

श्रेढीच्या भागात एक उदाहरण आहे. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट द्यायचं कबूल करतो. महिन्याभरात किती निष्क झाले? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या. पुढे त्याचे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क या कोष्टकाने मी उलटं करून पाहिलं. बरोबर येतं.

पण २१४७४८३६४६ पाहून मी खुर्चीत ताठ बसले. जुन्या ३२ घरांच्या संगणकात चिन्हासकट जी सर्वांत मोठी संख्या मावते ती २१४७४८३६४७. इ.स. ११५० मधलं उत्तर तिथे मावतं, वर बरोबर एक कवडी शिल्लक. दाता आणखी एक दिवस देत राहिला असता तर त्याची शिल्लकही ऋण दिसली असती.

रीत तर त्याहून सुंदर. दिवसांची संख्या (तिला गच्छ म्हणतात) विषम असेल तर एक वजा करून 'गुण' लिहायचं, सम असेल तर निम्मी करून 'वर्ग' लिहायचं, शून्य येईपर्यंत. मग शेवटापासून उलटं यायचं, 'गुण' दिसेल तिथे दोनने गुणायचं, 'वर्ग' दिसेल तिथे वर्ग करायचा. आलेल्यातून एक वजा करून पहिल्या दिवसाच्या देण्याने गुणलं की बेरीज (गुणोत्तर दोन नसेल तर आणखी एक भागाकार आहे). आजही मोठे घात काढायला प्रोग्राममध्ये हीच रीत लिहितात. मी स्वतः लिहिली आहे, आणि ती कुठून आली हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

६४ साठी ही रीत जवळजवळ आळशी होते. ६४, ३२, १६, ८, ४, २ निम्मे होत एकावर येतात. सहा वर्ग आणि एक गुण. म्हणजे २ पासून सुरू करून वर्ग, वर्ग, वर्ग : ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि शेवटचा.

शेवटचा वर्ग हाताने करायचं ठरवलं. ४२९४९६७२९६ चे दोन तुकडे केले, ४२९४९ आणि ६७२९६.
पहिल्याचा वर्ग १८४४६१६६०१.
दोन्हींचा दुप्पट गुणाकार ५७८०५९१८०८.
दुसऱ्याचा वर्ग ४५२८७५१६१६.
पहिल्यापुढे दहा शून्यं, मधल्यापुढे पाच, आणि बेरीज. आली १८४५१९४६६०६३३६७५१६१६.

चौथ्या अंकापासूनच सगळं वेगळं. नवाचा ताळा (अंकांची बेरीज एका अंकावर येईपर्यंत करून पडताळायचं) घेतला तर तो जुळतोय! मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ५८, तिचे ४, चाराचा वर्ग १६, म्हणजे ७. उत्तराच्या अंकांची बेरीज ८८, म्हणजे १६, म्हणजे ७. ताळा म्हणतो बरोबर, उत्तर उघड चूक. अर्धा तास गेला यात.

चूक अशी : मधल्या ओळीपुढे मी पाचऐवजी सहा शून्यं दिली होती. संख्या एक घर सरकली तरी अंक तेच राहतात, म्हणून नवाच्या ताळ्याला ती चूक दिसतच नाही. अकराच्या ताळ्याला दिसते. उजवीकडून एक अंक धन, एक ऋण असं घेत गेलं की मूळ संख्येची बाकी ४ येते, वर्गाची ५ यायला हवी. माझ्या उत्तराची आली ९. शून्य खोडलं. १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा, आणि मंगळवारची शिल्लक.

आजोबा दुकानात नवाचाच ताळा घ्यायचे. किती सरकलेल्या शून्यांना त्यांनी पास केलं असेल कोण जाणे.

१७ जुलै, गुरुवार

मामांच्या नमुन्याच्या काट्यावर लोकवनचे हजार दाणे मोजून ठेवले. मोजायला मी आणि चिन्मय, सुपात शंभराचे दहा ढीग. ४२ ग्रॅम.

त्या हिशेबाने पटावरचा गहू ७७,४७६ कोटी टन. जगात गहू वर्षाला साधारण ८० कोटी टन पिकतो. म्हणजे जवळजवळ हजार वर्षांचं सगळ्या जगाचं पीक. पन्नास किलोची पोती भरली तर साडेपंधरा लाख कोटी पोती.

मामा काट्यावरचे दाणे परत पोत्यात टाकत म्हणाले, "पण तुझ्या स्क्रीनवर दाणे नव्हते. पोती होती."

खरंच की. संख्या तीच, पण एकक पोतं, पन्नास किलोचं. मग वजन ९२२ वर अठरा शून्यं एवढे किलो. आता ही कशाशी तोलायची? हिमालय वगैरे फार लहान. चंद्र ऐंशीपट मोठा. शोधता शोधता सापडला सीरिस, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला सर्वांत मोठा गोळा, व्यास सुमारे ९४० किलोमीटर. त्याचं वस्तुमान सुमारे ९३८ वर अठरा शून्यं किलो. फरक दोन टक्क्यांच्या आत.

आणि सीरिस हे नाव कोणाचं? रोमन लोकांच्या धान्यदेवतेचं. इंग्रजांचं 'सीरियल' तिच्यावरूनच आलं. हा मात्र निखळ योगायोग, याच्यामागे काही गणित नाही. पण मी मामांना सांगितलं की मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला तुमच्या गाळ्यात धान्यदेवतेचा अख्खा ग्रह शिल्लक होता, तर त्यांनी विचारलं, "त्यावर हमाली किती झाली असती?"

२० जुलै, रविवार

आज अवयव. चिन्मयला हाताशी धरलं, त्याचा बीजगणिताचा पेपर जवळ आलाय.

वीस अंकी संख्येचे मूळ अवयव हाताने काढणं हे एरवी वेडेपण. या संख्येचे निघतात, आणि ते फक्त नववीच्या एका सूत्रावर : अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). २ चा ६४ वा घात हा स्वतःच वर्ग आहे आणि १ हा तर स्वतःचाच वर्ग. म्हणून

संख्या = ४२९४९६७२९७ × ४२९४९६७२९५.

उजवीकडची पुन्हा 'वर्ग वजा एक' : ६५५३७ × ६५५३५. तिची उजवीकडची पुन्हा : २५७ × २५५. मग १७ × १५. मग ५ × ३. चिन्मयने शेवटचं ३ पुन्हा ४ वजा १ म्हणून ३ × १ असं फोडलं आणि म्हणाला, "आता संपलं, एकावर आलो." कांदा सोलल्यासारखं. प्रत्येक पापुद्र्यात एक संख्या बाजूला पडते : ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७. ३ सोडला तर प्रत्येक जण २५६ किंवा ६५५३६ सारख्या वर्गापेक्षा एकाने मोठा.

ताळे पटापट : अंकांची बेरीज ८७, म्हणून तीनने जाते, नवाने नाही. शेवटी ५, म्हणून पाचने जाते. देवळालीच्या कापरेकर मास्तरांची 'हर्षद' कसोटी (संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जायला हवा) लावून पाहिली. ८७ म्हणजे ३ गुणिले २९, आणि २९ ने भाग जात नाही. हर्षद नाही. कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी, त्यामुळे पुण्यात बसून ही कसोटी न लावणं बरं दिसलं नसतं.

चिन्मय विचारतो, या सहाही मूळ संख्या आहेत का? पहिल्या पाच आहेत. सहावीबद्दल त्याला म्हटलं, तुझ्याआधी फर्मा या गणितज्ञालाही तसंच वाटलं होतं.

२२ जुलै, मंगळवार

फर्मा १६४० च्या सुमाराला म्हणत होता की या साखळीतली प्रत्येक संख्या मूळच असणार. ३, ५, १७, २५७, ६५५३७ पर्यंत खरं होतं. पुढची ४२९४९६७२९७. ती मूळ नाही हे १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं : ६४१ × ६७००४१७.

आज रात्री मला समजून घ्यायचं होतं की ऑयलर ६४१ पर्यंत पोचला कसा. ३ पासून एकेक मूळ संख्या घेत गेला असता तर शंभरावर भागाकार करावे लागले असते. त्याने सिद्ध केलं आहे की या संख्येला भाग जाईल अशी मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठीच असली पाहिजे. मग यादी केवढीशी उरते : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार आणि काम फत्ते. पुढे १८७८ मध्ये ल्युकाने ६४ ची जागा १२८ ला दिली. मग तर २५७ नंतर थेट ६४१. दुसराच प्रयत्न.

फर्माने स्वतः हे पाच भागाकार का केले नसतील? मला तर मंगळवारच्या माझ्या 'पोती ऋण कशी असतील' ची आठवण झाली आणि त्याच्याबद्दल थोडी आपुलकी वाटली.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दिसतं. ते चिन्मयसाठी लिहून ठेवते, कारण याहून नीट युक्ती मी पाहिलेली नाही. ६४१ कडे दोन नजरांनी बघायचं.
एक : ६४१ = ५ × १२८ + १.
दोन : ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात.
६४१ ने भागून फक्त बाकी पाहायची. पहिल्यावरून ५ × १२८ ची बाकी वजा १. तिचा चौथा घात घेतला की बाकी १. १२८ हा २ चा सातवा घात, म्हणून त्याचा चौथा घात २ चा २८ वा. म्हणजे (५ चा चौथा) × (२ चा २८ वा) याची बाकी १. आता दुसऱ्यावरून ५ च्या चौथ्या घाताच्या जागी वजा २ चा चौथा घात ठेवायचा. ४ आणि २८ मिळून ३२. म्हणजे वजा (२ चा ३२ वा घात) याची बाकी १. म्हणून २ चा ३२ वा घात अधिक १ याची बाकी शून्य.

इथेही वजा एकाचंच काम झालं. काट्याच्या घरांतून सुरुवात करून मी परत त्याच गृहस्थाकडे आले.

२७ जुलै, रविवार

राहिलं ६७००४१७. ते मूळ आहे असं सगळीकडे छापलेलं असतं. मला स्वतः बघायचं होतं.

याचं वर्गमूळ २५८८ आणि थोडं. म्हणून २५८८ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग जात नाही एवढं पाहायचं. तशा पावणेचारशेच्या वर आहेत. पण याला भाग देणारी संख्या ४२९४९६७२९७ लाही भाग देणार, म्हणून तीही १२८ च्या पटीपेक्षा एकाने मोठी हवी. १२९ पासून २५६१ पर्यंत अशा वीस. चिन्मयने त्यातल्या संयुक्त खोडल्या. १५३७ वर अडला होता, २९ × ५३ निघाले. २१७७ सातने गेलं. उरल्या पाच : २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९.

पाच भागाकार, चहाच्या एका कपात :
२५७ ने बाकी १७०. ६४१ ने ४४. ७६९ ने १२०. ११५३ ने ३३४. १४०९ ने ६२२.
एकही शून्य नाही. मूळ संख्या.

तर शिल्लक पोती = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात मूळ अवयव, एकही दोनदा नाही. म्हणून एकूण विभाजक १२८. कॅल्क्युलेटरने गुणून पाहायला गेलो तर त्याने शेवटचे अंक गिळले, म्हणून पुन्हा हातानेच. जुळलं.

मामी म्हणाल्या, दोघं मिळून एवढा वेळ अभ्यास करताय म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय.

३० जुलै, बुधवार

दोन लहान नोंदी, नंतर विसरायला नकोत.

६४१ आणि ६७००४१७ वगळून उरलेल्या पाचांचा गुणाकार ४२९४९६७२९५. फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येणारी, विषम बाजूंची म्हणून माहीत असलेली सर्वांत मोठी सुसम बहुभुजाकृती एवढ्या बाजूंची. १७ बाजूंची निघते हे गाउसने १७९६ मध्ये दाखवलं, वय अठरा. आणि १८०१ च्या पहिल्या दिवशी दिसून नंतर हरवलेला सीरिस पुन्हा कुठे सापडेल याचं गणित केलं तेही याच गाउसने. मामांचा गहू याच्या दोन्ही टोकांना निघाला.

आपल्या संख्येत दोन मिळवले की साखळीतली पुढची कडी येते. तीही मूळ नाही : २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. लँड्रीने १८८० मध्ये अवयव पाडले, तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. पहिल्या पाचांनंतर या साखळीत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

३ ऑगस्ट, रविवार

दुरुस्ती बसवली. शिल्लक आता चिन्हासकट ठेवली जाते.

जुनी आवृत्ती बंद करण्याआधी एक गंमत करून घेतली. तिच्यात या वीस अंकी संख्येला तिनेच गुणलं. उत्तर आलं १. चिन्मयला सहा सेकंदांत कळलं : ऋण गुणिले ऋण.

मग मामांना विचारलं की आवक चढवायच्या आधी जावक लिहिली तर प्रोग्रामने अडवायचं का? आमच्या ऑफिसात कोणीही 'अडवा' म्हणालं असतं. मामा म्हणाले, "अजिबात नको. पोतं गेलंय ते गेलंय. वजा एक दाखव, लाल अक्षरात. ट्रकवाल्याकडून एक येणं आहे एवढाच त्याचा अर्थ. आमच्या वहीत हे रोज असतं." म्हणून तसंच केलं. चाचणीसाठी शून्यातून एक काढला, लाल −१. पन्नास चढवली, ४९.

निघताना दिवाणजींना म्हटलं, बरं झालं पहिल्याच वेळी फोन केलात. ते जरा चाचरले. म्हणाले, पहिली वेळ नव्हती ती. मग गल्ल्यामागून लाल कापडी वही काढून मागच्या वर्षीचं पान दाखवलं. १४ नोव्हेंबर, बासमतीच्या ओळीत बारीक अक्षरात : "आकडा फार मोठा आला. ट्रक उतरवल्यावर बरा झाला."